लाकडी कपाटांचे रंगकाम
लाकडी कपाटांचे रंगकाम म्हणजे लाकडातील रंध्रे बुजवून पृष्ठभागावर रंगाचा एकसंध, गुळगुळीत थर चढविण्याची प्रक्रिया होय. रंगाची सफाई शेवटच्या हातापेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते.

पूर्वतयारी

लाकूड प्रथम १२० व नंतर १८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासतात. गाठींतील राळ झिरपून रंगावर डाग पडू नयेत, म्हणून त्यांवर चपड्याचे द्रावण लावतात. त्यानंतर प्रायमर लावून खिळ्यांची भोके व सांधे लांबीने भरतात. प्लायवुडच्या कडा रंग अधिक शोषतात. त्यामुळे त्यांनाही लांबी आवश्यक ठरते.

रंगलेपन

एनॅमल रंगाचे दोन-तीन पातळ हात देतात. जाड थर ओघळतो. शिवाय वरचा पापुद्रा आधी वाळून आतील रंग ओला राहिल्याने सुरकुत्या पडतात. दोन हातांच्या मध्ये, थर पूर्ण वाळल्यावर, ३२० क्रमांकाच्या पेपरने हलके घासून धूळ टिपतात.

सुरक्षितता

जुन्या रंगात शिसे असू शकते व त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून असा रंग कोरडा घासत नाहीत, ओला करून घासतात. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांतील शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग आहे.