संकटकाळी दूरध्वनीवरून मनाला आधार

शरीराला दुखापत झाली की शेजारीपाजारी धावून येतात आणि रुग्णाला दवाखान्यात पोचवितात. मनाची दुखापत मात्र दिसत नाही आणि लोकलज्जेस्तव ती बोलूनही दाखविली जात नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या.

मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आहेत. मनोविकारतज्ज्ञ मुख्यतः शहरांत आणि रुग्ण खेडोपाडी, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. हे अंतर कमी करण्यासाठी दूरध्वनीचा उपयोग करण्यात येत आहे.

एक क्रमांक, अनेक भाषा

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून तो रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था या सेवेची शिखर संस्था आहे. दूरध्वनी लावणाऱ्यास मराठीसह आपल्या पसंतीची भाषा निवडता येते. त्यानंतर त्याचा संपर्क राज्यातील कक्षाशी जोडला जातो.

पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो प्रथम ऐकून घेतो, धोका कितपत गंभीर आहे याचा अंदाज घेतो आणि धीर देतो. आवश्यकता भासल्यास तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष उपचारांसाठी पाठविण्याची व्यवस्था आहे. हा पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. आत्महत्येचा तीव्र आवेग पुष्कळदा अल्पकाळाचा असतो आणि तेवढा वेळ निभावून नेण्यास संभाषण उपयोगी पडते. परंतु मूळ आजारावर उपचार व्हावयाचे तर जवळचे रुग्णालयही तयार असले पाहिजे.

शिक्षेची भीती नको

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने अनेक कुटुंबे मदत मागत नसत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर टाकली. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ ही जुनी सर्वसाधारण तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेली नाही.

गावाचा वाटा

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. नापिकी आणि कर्ज यांनी खचलेला शेतकरी स्वतः मदत मागेलच असे नाही. म्हणून त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन अशा व्यक्ती हेरण्यावर भर देण्यात आला. दूरध्वनी सेवेलाही हीच जोड हवी. जेवणखाण टाकणे, झोप उडणे, माणसांत न मिसळणे, निरवानिरवीची भाषा करणे ही लक्षणे घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या ध्यानात आधी येतात. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. आस्थेने विचारावे, एकटे सोडू नये आणि शेजारी बसून क्रमांक लावून द्यावा. जीवितास तात्काळ धोका असल्यास ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपंचायतीचा फलक, शाळा, बाजार समिती, एस. टी. स्थानक अशा ठिकाणी १४४१६ हा क्रमांक ठळकपणे लिहिला गेला, तर गरजेच्या वेळी तो शोधत बसावे लागणार नाही. त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहण्याचेही कारण नाही.