कोणाचा पियानो सभागृहात जाऊन ऐकावा?

ग्रिगोरी सोकोलोव स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत नाहीत. गेली कित्येक दशकं त्यांनी ते केलेलं नाही. त्यांच्या नव्या सीडी निघतात त्या मैफलींच्या मुद्रणातून. कॅनडाचे ग्लेन गूल्ड नेमके उलट्या टोकाचे. १९६४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओत वाजवलं. एकाला सभागृहातच संगीत घडतं असं वाटतं, दुसऱ्याला सभागृहाची अडचण वाटत होती. आज वाजवणारे बाकीचे पियानोवादक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात. कोण कुठे बसतो हे ओळखता आलं, तर कोणासाठी तिकीट काढायचं आणि कोणाला घरी ऐकायचं हे ठरवणं सोपं होतं.

लंडन, न्यू यॉर्क, ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत राहणाऱ्या मराठी माणसासमोर हा प्रश्न दर हंगामाला येतो. जाहिरातीत पन्नास नावं, प्रत्येकापुढे मोठमोठी विशेषणं, आणि तिकिटं महाग. निवडीचं माझं सूत्र असं आहे: नुसत्या नावाला तिकीट काढू नये, वादक, रचना आणि सभागृह या तिघांचा मेळ पाहून काढावं. हे सूत्र का, ते पियानोच्या पोटात शिरल्यावर लक्षात येतं.

पियानोत काय घडतं

पट्टी दाबली की लाकडी तरफांची एक साखळी हलते आणि नमद्याने मढवलेली हातोडी तारेकडे झेपावते. तारेला लागण्याच्या किंचित आधी ती पट्टीपासून सुटी होते. शेवटचं इवलंसं अंतर ती स्वतःच्या वेगानेच कापते, तारेवर आदळते आणि माघारी येते. त्या क्षणी वादकाचं बोट पट्टीवर असलं तरी हातोडीवर त्याचा ताबा उरलेला नसतो. म्हणजे एका सुराच्या बाबतीत त्याच्या हातात मोजक्याच गोष्टी राहतात: हातोडी किती वेगाने सोडायची, सूर केव्हा सुरू करायचा आणि केव्हा तोडायचा. लागलेला सूर फुगवता येत नाही, त्याला मींड देता येत नाही. लागल्या क्षणापासून तो विरतच जातो.

मग दोन वादकांचा पियानो इतका वेगळा का वाजतो? कारण एक सूर एकटा क्वचितच वाजतो. एकाच वेळी पाच-सहा सूर लागतात, आणि त्यांतला कोणता पुढे आणायचा, कोणता मागे ठेवायचा, याचा तोल प्रत्येक बोटाला वेगळा सांभाळावा लागतो. दुसरं कारण उजव्या पायाखालचं पेडल. ते दाबलं की तारांवर टेकून सूर थांबवणारे सगळे डँपर उठतात आणि सूर एकमेकांत मिसळू लागतात. उत्तम वादक ते पूर्ण, अर्धं, पाव असं दाबतो, आणि समोरचं सभागृह किती घुमतं ते ऐकून क्षणोक्षणी बदलतो.

मुद्रणात नेमक्या याच गोष्टी निसटतात. माइक वाद्याजवळ असतो, त्यामुळे हळू वाजवलेला सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला असता की नाही, हे त्यावरून कळत नाही. मोटारीत किंवा हेडफोनवर ऐकताना अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातलं अंतरही आक्रसतं. शिवाय स्टुडिओतलं मुद्रण बहुधा अनेक वेळा वाजवलेल्या तुकड्यांच्या जोडणीतून तयार होतं. बोटांची तयारी, लयीची जाण, वादकाची अभिरुची हे सारं मुद्रणावरून कळतं. मैफलीत ते सारं एका बैठकीत, त्या जागी, त्या वाद्यावर उभं राहतं का, हे मात्र तिथे बसूनच कळतं.

नावाबरोबर रचना पाहा

आपल्याकडे जाणकार श्रोता भूप ऐकायचा म्हटलं की किशोरीताईंचं नाव घेतो आणि अनवट जोडराग ऐकायचा तर मल्लिकार्जुन मन्सूरांचं. पियानोतही हीच दृष्टी ठेवावी. मित्सुको उचिदा मोत्सार्ट किंवा श्यूबर्ट वाजवणार असतील तर जावंच. आंद्राश शिफ यांच्या कार्यक्रमात बाख असेल तर जावं. अलीकडे ते कार्यक्रम आधी जाहीर करत नाहीत, मंचावरूनच सांगतात. त्यांच्या बाबतीत ही अनिश्चितता पत्करायला हरकत नाही. आल्काँ, गोडॉव्हस्की यांच्यासारख्या बोटांची परीक्षा पाहणाऱ्या, क्वचित कानी पडणाऱ्या रचना मार्क-आंद्रे आमलँ वाजवणार असतील, तर तशी संधी पुन्हा लवकर येत नाही. युजा वांग यांनी २८ जानेवारी २०२३ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये राख्मानिनोवचे चारही कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) आणि पागानिनीच्या धूनवरची रॅप्सडी एकाच कार्यक्रमात वाजवली. त्यांची ताकद असल्या मोठ्या, तडफदार संगीतात उजळून निघते, म्हणून त्यांच्यासाठी पहिलं तिकीट तिथलं काढावं.

एकल कार्यक्रम आहे की वाद्यवृंदासह, हेही पाहावं. कॉन्चेर्टोत पियानो साधारण अर्धा तास वाजतो आणि त्यातला बराच वेळ ऐंशीएक वाद्यांशी टक्कर देण्यात जातो. वादक नीट कळायचा तर पूर्ण संध्याकाळचं एकल वादन ऐकलेलं बरं. काहींच्या बाबतीत मात्र निवडीला वाव नसतो. मार्था आर्गेरिच यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकल कार्यक्रम जवळजवळ थांबवले. त्यांना ऐकायचं तर कॉन्चेर्टोत किंवा सहवादनात. सोकोलोव यांचं उलट: वाद्यवृंदाबरोबर वाजवणं त्यांनी सोडलं आहे, एकच कार्यक्रम ते महिनोन् महिने गावोगावी वाजवतात, आणि शेवटी बहुतेक वेळा सहा जादा रचना वाजवतात. व्हिसाच्या अटींमुळे त्यांनी २००८पासून ब्रिटनला जाणं बंद केलं. त्यामुळे लंडनकराने त्यांच्यासाठी युरोपातल्या एखाद्या शहराचं तिकीट काढावं.

घरची तयारी: एक रचना, तीन वादक

वादक पारखायला कान तयार हवा, आणि त्याचा सोपा रस्ता म्हणजे एकच रचना तिघांकडून ऐकणं. श्यूबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजरमधला सोनाटा घ्या. १८२८च्या सप्टेंबरात तो पूर्ण झाला आणि नोव्हेंबरात श्यूबर्ट गेला. सुरुवातीला एक संथ, शांत धून येते आणि पहिल्या ओळीच्या शेवटी डाव्या हाताकडे, अगदी खालच्या सुरांत, एक हलका थरथरता सूर वाजतो. लिहिला आहे अतिशय हळू. मग सगळं थांबतं आणि धून पुन्हा सुरू होते.

या एका जागेवर वादक कळतो. कोणी तो सूर इतका हळू वाजवतो की वाजला की भास झाला असं वाटतं. कोणी त्यात स्पष्ट धाक ठेवतो. पुढची शांतता कोणी मोजून ठेवतो, कोणी श्रोत्यांचा श्वास अडकेपर्यंत ताणतो. पहिल्या भागातला सुरुवातीचा हिस्सा पुन्हा वाजवायचा की नाही, यावरही मतभेद आहेत. आल्फ्रेड ब्रेंडेल तो परत वाजवत नसत. स्वियातोस्लाव रिख्टर परत वाजवत, आणि तेही इतक्या सावकाश की नुसता पहिला भाग चोवीस मिनिटांच्या आसपास जातो. परत वाजवला तरच ऐकू येणारे काही स्वर श्यूबर्टने तिथे लिहून ठेवले आहेत, आणि त्यांत तोच खालचा थरथरता सूर एकदा दणदणीत येतो. म्हणजे ती पुनरावृत्ती वगळायची की ठेवायची यावर पूर्ण रचनेचा रंग ठरतो.

ब्रेंडेल, रिख्टर आणि उचिदा अशा तिघांचं वादन पाठोपाठ ऐका. आपल्याला काय आवडतं ते कळेल, आणि पुढे कोणाचं नाव दिसलं की त्याच्याबद्दल नेमका प्रश्न मनात तयार असेल. ऐकताना शक्य तेवढी मैफलींची मुद्रणं निवडा. त्यांत एखादा सूर चुकलेला सापडेल; त्याचा बाऊ करू नका. आल्फ्रेड कोर्तो यांच्या मुद्रणांतले चुकलेले सूर प्रसिद्ध आहेत, आणि तरीही शोपाँ शिकणारे आजही त्यांच्याकडे वळतात. चूक झाल्यावर ओळ तुटते की चालू राहते, ते बघा.

स्पर्धेतल्या बक्षिसाचं काय करायचं

वॉर्सामधली शोपाँ स्पर्धा १९२७ साली सुरू झाली आणि आता दर पाच वर्षांनी होते. तिच्या विजेत्यांत माउरिझियो पोलिनी, आर्गेरिच, क्रिस्टियन झिमरमन अशी नावं आहेत. १९८०च्या स्पर्धेत इवो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाले, तेव्हा परीक्षकपद सोडून आर्गेरिच निघून गेल्या. त्या वर्षी जिंकले व्हिएतनामचे डांग थाय सॉन, आणि नाव मात्र दोघांचं झालं. म्हणजे बक्षीस ही चांगली खूण आहे, निकाल नव्हे.

हल्ली मोठ्या स्पर्धांच्या फेऱ्या इंटरनेटवर पूर्ण ऐकता येतात. त्यांत अंतिम फेरीऐवजी आधीच्या एकल फेऱ्या ऐका. अंतिम फेरीत बहुधा कॉन्चेर्टो असतो. एकल फेरीत वादकाने स्वतः निवडलेला कार्यक्रम असतो, आणि निवडीतच त्याचा विचार दिसतो. यून्चान लिम यांनी २०२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा जिंकली. त्यांनी उपान्त्य फेरीत लिस्टचे बाराही अतिकठीण एट्यूड सलग वाजवले होते. ती फेरी ऐकणाऱ्याला निकालाची वाट पाहायची गरज उरली नव्हती.

सभागृह आणि खुर्ची

लंडनच्या विगमोर हॉलमध्ये साधारण साडेपाचशे खुर्च्या आहेत, कार्नेगीच्या मोठ्या सभागृहात अठ्ठावीसशेच्या आसपास, आणि रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये पाच हजारांहून अधिक. वाद्य तेच, सुमारे पावणेतीन मीटर लांबीचं आणि जवळपास अर्ध्या टनाचं. पण हळू सुराची गोष्ट तिन्ही ठिकाणी वेगळी. श्यूबर्ट, बाख, मोत्सार्ट यांच्यासाठी लहान सभागृह शोधा. कमी प्रसिद्ध वादक लहान सभागृहात मोठ्या नावापेक्षा अधिक देऊन जाऊ शकतो.

श्रोत्याच्या डाव्या हाताच्या खुर्च्या आधी संपतात, कारण तिथून हात दिसतात. पण पियानोचं झाकण श्रोत्यांकडे उघडतं आणि आवाज पुढे व उजवीकडे फेकतं. त्यामुळे मधल्या आणि उजव्या खुर्च्यांवर आवाज पुष्कळदा जास्त भरीव लागतो. वरची गॅलरी स्वस्त असते आणि बऱ्याच सभागृहांत तिथला आवाज उत्तम असतो. मंचावर, पियानोच्या पाठीमागे खुर्च्या मांडल्या असतील तर त्या टाळा. झाकण आडवं येतं.

आधी कोणाला

पोलिनी २०२४ मध्ये गेले, राडू लुपू २०२२ मध्ये. ब्रेंडेल यांनी २००८च्या अखेरीस मैफली थांबवल्या आणि २०२५ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी ऐकू म्हणणाऱ्यांना ते ऐकायला मिळाले नाहीत. आर्गेरिच यांचा जन्म १९४१चा, उचिदांचा १९४८चा, सोकोलोव यांचा १९५०चा. यादीत त्यांना वर ठेवा. त्यांच्यानंतर क्वचित वाजवणारे: झिमरमन मोजकेच कार्यक्रम करतात आणि आपल्या पियानोची पट्ट्या-हातोड्यांची यंत्रणा सोबत घेऊन फिरतात, इतका त्यांना आवाजाचा आग्रह आहे. मग तरुण मंडळी, आणि तीही ती छोट्या सभागृहांत वाजवत आहेत तोवर. ज्यांची मुद्रणं उत्तम आहेत आणि जे तोच कार्यक्रम दरवर्षी जवळपास येऊन वाजवतात, ते थोडे थांबू शकतात.

वयस्कर म्हणून प्रत्येक जण थोर नसतो, हेही लक्षात ठेवा. गेल्या एक-दोन वर्षांतलं त्यांचं मैफलीचं मुद्रण ऐकावं. बोटांचा वेग कमी झालेला असेल. सुरांचा तोल शाबूत असेल तर जावं. कार्यक्रम ऐनवेळी रद्द होण्याची तयारीही ठेवावी.

मुंबईत

हे सगळं परदेशापुरतं नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये १९८० साली सुरू झालेलं टाटा थिएटर माइकशिवाय ऐकता यावं याच दृष्टीने बांधलं गेलं. शेजारी जमशेद भाभा थिएटर आहे, आणि २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया पाहुण्या पियानोवादकांबरोबर वाजवतो. इथे जगातली मोठी नावं कमी येतात, आणि म्हणूनच नावावरून निवडायची सवय इथे कामाची नाही. कार्यक्रमपत्रिकेत तुम्ही तीन वादकांकडून ऐकलेली एखादी रचना दिसली आणि वादकाचं नाव अगदी अनोळखी असलं, तरी तिकीट काढा. त्याने ती धून कशी सुरू केली, हळू सूर तुमच्या रांगेपर्यंत आणला का, पेडलने सूर घोटाळले की उलगडले, हे तुम्हाला कोणा समीक्षकाला विचारावं लागणार नाही. त्याला पुन्हा ऐकायचं की नाही, हेही मग तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.