तांदळाएवढा दक्षिणावर्ती

खऱ्या दक्षिणावर्ती शंखासाठी लोक मोठी किंमत मोजतात. त्याच वळणाचे शंख मला कोकणच्या पुळणीवर, शिंपल्यांच्या चुऱ्यात फुकट मिळाले. फक्त ते तांदळाच्या दाण्याएवढे होते.

स्पंज खाऊन जगणाऱ्या ट्रायफोरिडी कुळातल्या या समुद्री गोगलगायी. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे असा शंख धरला, की बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते, यांचे डावीकडे. (पूजेच्या परंपरेत शेंडा खाली धरून पाहतात. म्हणून प्राणिशास्त्रातला डावखुरा शंख आपल्याकडे दक्षिणावर्ती!)

कुळ इतक्यात कळते. जात ओळखताना मात्र मी फसलो. रंगावर भरवसा ठेवून तपकिरी तेवढे सगळे एका डबीत, एकाच नावाखाली ठेवले. काही वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेंडे पाहिले. शेंडा म्हणजे पिल्लूपणीचे कवच. पुढचे कवच त्याच्याखाली वाढत जाते. शेंड्याला बारीक वेढे पुष्कळ असतील, तर ते पिल्लू पाण्यात तरंगत, खात वाढलेले असते. एकदोनच फुगीर वेढे असतील, तर तसे बालपण त्याला नव्हते. मग मण्यांच्या ओळी पाहायच्या. अनेक जातींत आधी दोनच असतात, मधली मागाहून उगवते. ती कितव्या वेढ्यावर उगवते, यावरून जाती वेगळ्या करता येतात.

माझ्या एका डबीच्या तीन झाल्या. लाटांनी शेंडे झिजवलेले शंख चौथ्या डबीत आहेत. तिच्या चिठ्ठीवरचे जातीचे नाव मी खोडले. आता तिथे नुसते कुळ आहे.