बदलापूरहून नाशिकच्या वाइनरीत

अंबरनाथ-बदलापूरकरांनो, वाइनरी बघायला फ्रान्स गाठायची गरज नाही. लोकलने कल्याण, तिथून नाशिककडची गाडी, कसारा घाट चढला की नाशिकरोड. पुढे गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा अशा वाइनरी आहेत. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

जायचंच तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, द्राक्षांची तोडणी चालू असते. आपल्याकडे वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरताना फळासाठी गोडी छाटणी. त्यामुळे युरोपात सप्टेंबरात निघणारं पीक इथे थंडी ओसरताना हाती येतं. मला याचं अजून अप्रूप वाटतं!

टेस्टिंगला घाई नको. ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा, हलकेच फिरवा आणि आधी वास घ्या. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये मला पिकलेला पेरू सापडतो. शिराझ या लाल वाइनचा घोट घेतला की जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, आपलं बदलापूरचं जांभूळ खाल्ल्यावर पडतात ना, अगदी तशाच. ही करामत द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिनची. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच सालीपासून वेगळा करतात, लाल वाइन मात्र सालीसकट आंबवतात.

वय २१ पूर्ण हवं. घोट तोंडात घोळवून थुंकलात तरी चालतं, त्यात कमीपणा नाही. परतीला स्वतः गाडी चालवू नका, सरळ ट्रेन पकडा.