जुन्या कपाटांना नवे रूप, तेही माफक खर्चात

मुळशी तालुक्यात, विशेषतः ताम्हिणी घाटाच्या बाजूला, पावसाळाभर हवा ओलसर असते. स्वयंपाकघरातील लाकडी कपाटांना त्याची झळ सर्वप्रथम पोहोचते. दारे फुगतात, बिजागऱ्या गंजतात, कोपऱ्यांत बुरशी धरते. तरीही सारी कपाटे मोडून नवी करण्याची घाई करू नये. खर्च किती येणार, हे कपाटाच्या सांगाड्यावर ठरते.

प्रथम कपाटे रिकामी करून सांगाडा तपासावा. स्क्रू घट्ट बसत असतील आणि फळी टोचल्यावर भुसभुशीत लागत नसेल, तर केवळ दारे व बिजागऱ्या बदलणे पुरेसे ठरते. पार्टिकल बोर्डाची फळी मात्र एकदा फुगली की पूर्ववत होत नाही, तेवढीच बदलावी. सिंकखाली ‘आयएस ७१०’ चिन्ह असलेले मरीन प्लायवूड वापरावे. त्याच्या कापलेल्या कडांनाही प्रायमर द्यावा, कारण पाणी तेथूनच शिरते.

रंगकाम दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर करावे. ओल्या लाकडावरचा रंग पुढे पोपडे धरून सुटतो. साबणाच्या कोमट पाण्याने तेलकट थर काढावा, लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि पॉलिश पेपर व प्रायमरनंतर ऑईलपेंटचे दोन हात द्यावेत.

मांडणी करताना जड भांडी खाली, रोजचे डबे हाताशी ठेवावेत. वर्षभराचा आंबेमोहोर ओल्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नये. आणि सर्वांत आधी नळाची व भिंतीची गळती थांबवावी. अन्यथा सारा खर्च अक्षरशः पाण्यात जाईल.