पेट म्हणजे पोट नव्हे!

गेल्या आठवड्यात इथे ब्रिस्टॉलमध्ये माझा पेट स्कॅन झाला. आई फोनवर म्हणाली, "पोटाचा का रे?" म्हटलं, "नाही गं, पेटमधला 'पी' म्हणजे पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा भाऊ." तिचं समाधान झालं नाहीच.

गंमत म्हणजे या भावाचं भाकीत करणारे पॉल डिरॅक याच शहरात जन्मले, 1902 साली. 1928 मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, तर त्यातून उणे ऊर्जेची उत्तरंही निघाली. ती टाकताही येईनात. नवा कण मानायचं धाडस त्यांनाही लगेच झालं नाही. 1930 मध्ये ते म्हणाले, हा प्रोटॉन असावा. पण प्रोटॉन 1836 पट जड! शिवाय तसं असतं तर अणू टिकलेच नसते. अखेर 1931 मध्ये त्यांनी नवा कण मान्य केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांच्या फोटोत तो दिसला. प्रतिद्रव्य खाली पडतं की वर, हे कळायला मात्र 2023 उजाडलं. सर्नमध्ये प्रतिहायड्रोजनचे अणू आपल्यासारखे खालीच पडले.

मला टोचलेल्या साखरेत फ्लोरिन-18 होतं. त्यातून सुटलेला पॉझिट्रॉन शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. यंत्र ते टिपतं. जिथे साखर जास्त खपते, तिथे ठिपका उजळ.

रिपोर्ट गुरुवारी आहे. आईला सांगितलंय, पोट ठीक आहे.