विभाग : सहायक अभिनेत्री

१९८३ साली ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा मान दोघींना विभागून मिळाला. एक होत्या ‘रेड्स’मधल्या मॉरीन स्टेपलटन, अमेरिकी रंगभूमीवरचं मोठं नाव. दुसऱ्या रोहिणी हट्टंगडी. माहेरच्या ओक, शिक्षण पुण्याला, आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या तालमीत घडलेल्या. तोवर त्यांच्या नावावर ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’, ‘चक्र’ असे मोजकेच सिनेमे होते. रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’तल्या कस्तुरबांनी त्यांना हा पुरस्कार मिळवून दिला.

या भूमिकेला सहायक म्हणायचं ते कागदोपत्री. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात संडास साफ करायला बा नकार देतात आणि नवरा त्यांना दाराकडे ओढत नेतो, तो प्रसंग आठवा. तिथे बेन किंग्जलींचे गांधी जितके लक्षात राहतात, तितकाच बांचा अपमानाने पेटलेला चेहराही राहतो. ऑस्करमध्ये या चित्रपटाला अकरा नामांकनं होती, त्यांतून आठ बाहुल्या पदरात पडल्या. वेशभूषेचा ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला आणि त्या ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कस्तुरबांना मात्र तिथे साधं नामांकनही नव्हतं.

इकडे देशात ‘सहायक’ हे विशेषण रोहिणी हट्टंगडींना पुन्हा पुन्हा चिकटत गेलं. महेश भट यांच्या ‘अर्थ’मध्ये त्यांनी मोलकरीण केली आणि फिल्मफेअर पटकावलं. १९८४च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक अभिनेत्री हा विभाग प्रथमच आला, आणि त्याच्या पहिल्या मानकरीही त्याच. सिनेमा होता गोविंद निहलानींचा ‘पार्टी’, महेश एलकुंचवारांच्या नाटकावर बेतलेला. त्यात त्यांची मोहिनी ही दारूच्या आहारी गेलेली नटी. विजया मेहतांच्या दमयंती राणेबाईंच्या घरी जमलेल्या त्या साहित्यिक-कलावंतांच्या गर्दीत नायिका कोण, हे ठरवायला बसलो तर पार्टी संपून जाईल! अशा समूहपटासाठी परीक्षकांना हा विभाग सोयीचाच पडला असणार.

हाच विभाग पुढे सुरेखा सिक्रींनी तीनदा गाजवला : ‘तमस’, ‘मम्मो’ आणि ‘तमस’नंतर तीसेक वर्षांनी ‘बधाई हो’. त्यातला ‘तमस’ही निहलानींचाच, आणि घरोघरी पाहिला गेला तो दूरदर्शनवर. छोट्या पडद्याची कलाकृती राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पोचण्याचा तो विरळा योग.

रोहिणी हट्टंगडींच्या वाट्याला म्हाताऱ्या आया फार लवकर आल्या. ‘सारांश’मधल्या शिवाजी पार्कच्या पार्वती प्रधान त्यांनी तिशीच्या आसपास रंगवल्या. समोर प्रधान मास्तर झालेले अनुपम खेरही अठ्ठावीस वर्षांचेच होते. ‘अग्निपथ’मध्ये तर त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, वयाने त्यांच्यापेक्षा कित्येक वर्षांनी लहान असून. फिल्मफेअरची दुसरी बाहुली त्या आईने दिली. हिंदी सिनेमाने वयाबाबत त्यांच्यावर केलेला हा अन्याय पुरस्काराने भरून निघाला असं म्हणवत नाही.

मराठी घरांत त्यांना ओळखतात ते वेगळ्याच कारणाने. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भागांनंतर २०१३ साली थांबली. त्याच वर्षी झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ आली. गोखल्यांच्या घरातल्या सगळ्या सासवांवर वचक असलेल्या त्या आईआजी झाल्या. दैनंदिन मालिकेतल्या कामाला चित्रपटांसारखा राष्ट्रीय पुरस्कार नाही. बऱ्याच वाहिन्या आपापले सोहळे करतात आणि आपल्याच मालिकांना गौरवतात. घरच्या लग्नात घरच्यांनीच आहेर करावा, तसा हा प्रकार. तिथे लोकप्रियता कळते, कसाचा अंदाज येतोच असं नाही. शिवाय रोज नवा प्रसंग हातात घेऊन उभं राहायचं आणि तरीही पात्र वर्षानुवर्षं सुटू द्यायचं नाही, या कामासाठी विभागच नसतो.

२००४ साली मात्र ‘चार दिवस सासूचे’ रोज संध्याकाळी घरात येत असतानाच, संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. तो नाट्याभिनयासाठी होता, पती जयदेव हट्टंगडींनी दिग्दर्शित केलेल्या नाटकांसह रंगमंचावर केलेल्या सगळ्या कामाचा. अकादमीच्या यादीत नायिका आणि सहायक असे रकानेच नाहीत.